नाकाची सर्जरी मनासारखी झाली नाही, तर पुन्हा करावी का आणि कधी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सात महिन्यांपूर्वी नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा काढून शेंडा नाजूक करण्याची शस्त्रक्रिया झाली. समोरून नाक बारीक दिसतं, पण बाजूने पाहिलं की शेंड्याच्या किंचित वर फुगवटा दिसतो. उजवी नाकपुडी आत ओढल्यासारखी वाटते आणि जिना चढताना त्या बाजूने श्वास पुरत नाही. मूळ सर्जन ‘अजून थांबा’ म्हणतात. दुसऱ्या एका डॉक्टरांनी महिन्याभरात पुन्हा शस्त्रक्रिया करू आणि तोवर फिलर (कातडीखाली इंजेक्शनने भरायचा जेलसारखा पदार्थ) भरून खोलगट भाग झाकू, असं सुचवलं आहे. कुणाचं ऐकावं?

उत्तर आधीच सांगून टाकते. आत्ता शस्त्रक्रिया नको. फिलर तर नकोच. पण ‘थांबा’ याचा अर्थ आरशासमोर बसून दिवस मोजत राहा, असाही नाही. श्वासाचा त्रास याच महिन्यात नीट तपासून घ्या, फुगवट्यावर शस्त्रक्रियेशिवाय काही करता येतं का ते विचारा, आणि पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रं ताब्यात घ्या.

असं का म्हणते, ते कळायला पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेतला फरक लक्षात घ्यावा लागेल. पहिल्या वेळी सर्जन बहुतेक करून काहीतरी कमी करत असतो. हाड घासतो, कूर्चेची (हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाची) कड छाटतो, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा वाकडा भाग काढतो. दुसऱ्यांदा येणारा रुग्ण तीच भाषा बोलतो: ‘डॉक्टर, इथे थोडं राहून गेलंय, तेवढं काढा.’ तपासल्यावर मात्र अनेकदा उलटंच निघतं. काढायला फारसं काही उरलेलंच नसतं. जिथे गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं, तिथे आता काहीतरी परत बसवायचं असतं. शिवणीत मायाच ठेवली नसेल, तर कपडा उसवून सैल करता येत नाही, दुसरीकडून तुकडा आणून जोडावा लागतो. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा सगळा अवघडपणा इथे आहे. किती थांबायचं, तुकडा कुठून आणायचा, निकाल किती चांगला येऊ शकतो, हे सगळं यावरून ठरतं.

आधी थांबण्याबद्दल. नाकाची सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते असं लोकांना वाटतं, कारण डोळ्यांखालचे काळेनिळे डाग तेवढ्या वेळात जातात आणि चेहरा माणसात येतो. प्रत्यक्षात पहिल्या तीन महिन्यांत बरीच सूज ओसरते, पण उरलेली फार रेंगाळते. दांड्याचा वरचा भाग लवकर आकार धरतो, शेंडा सगळ्यात शेवटी. साधारण कातडी असलेल्या नाकाला एक वर्ष धरावं. कातडी जाड आणि तेलकट असेल तर दीड ते दोन वर्षं. शिवाय ही सूज नुसत्या पाण्याची नसते. कातडीखाली व्रणाच्या पेशी आधी ढिगाने जमतात आणि मग हळूहळू विरळ होत, आकसत, मऊ पडतात. सातव्या महिन्यात तुमच्या शेंड्यावरून बोट फिरवलं तर तो अजून कडक आणि थोडा बधिर लागत असेल. तो कडकपणा म्हणजे आतलं काम चालू असल्याची खूण आहे.

अशा नाकात सुरी घातली तर काय होतं? न छेडलेल्या नाकात कातडी, त्याखालचा मऊ थर आणि कूर्चा यांच्यामध्ये स्वच्छ पातळी सापडते, त्या पातळीतून रक्त न सांडता वर सरकता येतं. व्रण ताजा असताना हे सगळे थर एकमेकांना चिकटून एकाच पांढुरक्या, रबरासारख्या पट्ट्यात बदललेले असतात. कूर्चा कुठे संपते आणि व्रण कुठे सुरू होतो, हे भिंगातूनही पटकन कळत नाही. रक्तस्राव जास्त होतो. कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या एकदा कापल्या गेलेल्या असतात, त्यांची नवी जुळणी अजून पक्की झालेली नसते. घाई केली तर कातडीच धोक्यात येते, आणि नाकाची गेलेली कातडी भरून काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कठीण प्रकरण आहे. ‘महिन्याभरात करू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही एवढंच विचारा: घाई कशासाठी? वैद्यकीय कारण मिळालं तर ऐका. ‘तुम्हाला लवकर बरं वाटावं म्हणून’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा.

थांबू नये असेही काही प्रसंग आहेत, ते इथे सांगायलाच हवेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत दोन्ही बाजूंनी नाक एकदम बंद झालं, आत लालजांभळा, दाबला तर मऊ लागणारा फुगवटा दिसला आणि ठणका वाढला, तर पडद्यात रक्त साचलेलं असू शकतं. पडद्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या आवरणातून होतं. मध्ये रक्त साचून ते आवरण सुटलं की कूर्चा काही दिवसांत मरू लागते आणि पुढे नाक मधोमध बसतं. ते रक्त त्याच दिवशी काढावं लागतं. ताप येणं, पू येणं, बसवलेला कृत्रिम तुकडा कातडीतून डोकावणं, एका नाकपुडीतून पाण्यासारखा द्रव सारखा टपकत राहणं, यासाठीही वाट पाहायची नसते. आणि मार लागून हाड सरकलं असेल, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच ते बोटांनी जागेवर आणता येतं. नंतर ते जुळून घट्ट होतं.

आता तुमच्या फुगवट्याकडे येऊ. शेंड्याच्या वरच्या या फुगवट्याला सर्जन मंडळी ‘पोलीबीक’ म्हणतात, आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्यांमध्ये तो वारंवार दिसतो. तो दिसायला एकच असला तरी कारणं निराळी असतात आणि कारणाप्रमाणे उपाय बदलतो. मी तपासताना तर्जनीने तो भाग हळूच दाबून पाहते. दबला, खाली पोकळ जागा असल्यासारखा वाटला, तर बहुधा तो व्रण आणि सूज आहे: उंचवटा काढल्यावर जाड कातडी नव्या, लहान झालेल्या सांगाड्यावर चपखल बसली नाही, मधली फट आधी रक्ताने आणि मग व्रणाने भरली. टणक लागला, बोटाखाली कड जाणवली, तर हाडाचा भाग पुरेसा काढला पण त्याखालचा कूर्चेचा भाग उंच राहिला असण्याची शक्यता जास्त. तिसरा प्रकार फसवा असतो. फुगवटा जिथल्या तिथेच असतो, पण शेंड्याचा आधार गेल्यामुळे शेंडा खाली उतरलेला असतो आणि त्यामुळे मागचा भाग उंच भासतो. मी शेंड्याखाली बोट लावून तो दोन-तीन मिलिमीटर वर उचलते. फुगवटा नाहीसा झाला तर दोष खालच्या आधारात आहे हे स्पष्ट होतं. अशा नाकात वरून काहीही काढणं म्हणजे चूक दुप्पट करणं.

पहिल्या प्रकाराला शस्त्रक्रिया लागेलच असं नाही. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं अगदी कमी प्रमाणातलं इंजेक्शन व्रणात देता येतं. साधारण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर तीव्रतेचं औषध, एका वेळी ०.१ ते ०.२ मिलिलिटर, आणि दोन इंजेक्शनांमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर. सुई कातडीत नाही, त्याखालच्या खोल थरात जायला हवी. वर पडलं किंवा जास्त पडलं तर कातडी पातळ होते, खळगा पडतो, बारीक लाल शिरा दिसू लागतात, आणि मग आणखी एक दुरुस्ती मागे लागते. म्हणून ते नाक ज्यांनी उघडून पाहिलं आहे त्यांनीच, म्हणजे मूळ सर्जननेच दिलेलं बरं. सोबत रात्री कागदी टेप लावायला सांगतात. पहिल्या काही महिन्यांत त्याचा उपयोग होतो. वर्षानंतर टेप लावत राहण्यात अर्थ नाही.

उजवी नाकपुडी आणि श्वास हा मला तुमच्या नाकातला जास्त महत्त्वाचा भाग वाटतो, आणि नेमका तोच तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिला आहे. बहुतेक जण असंच करतात. दिसण्याचं आधी सांगतात, श्वासाचं निघता निघता.

नाकाच्या आत, साधारण मधल्या उंचीवर, पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तिचा कोन जेमतेम १० ते १५ अंशांचा. संपूर्ण नाकात हवेला सगळ्यात जास्त अडथळा इथेच होतो. उंचवटा काढताना पडदा आणि बाजूच्या कूर्चा यांचा सांधा उघडला जातो. तो परत बांधला नाही, तर बाजूच्या कूर्चा आत घसरतात, कोन आणखी मिटतो. बाहेरून समोर पाहिलं तर हाडाच्या खालच्या कडेची सावली उलट्या ‘व्ही’सारखी दिसू लागते. त्याच्या खाली, नाकपुडीच्या भिंतीला आधार देणारी शेंड्याची कूर्चा असते. शेंडा बारीक करण्यासाठी तिची वरची कड छाटतात. छाटल्यावर किमान ६ ते ८ मिलिमीटर रुंदीची पट्टी राहायला हवी. त्याहून कमी राहिली तर सुरुवातीचे काही महिने सुजेमुळे नाक छान दिसतं, मग सूज उतरते, व्रण आकसतो आणि भिंत आत ओढली जाते. जोरात श्वास घेतला की ती पडद्याला जाऊन चिकटते. जिना चढताना त्रास आणि बसल्या जागी नाही, हे तुमचं वर्णन याच्याशी जुळतं.

हे तपासायची एक जुनी रीत आहे: गालाची कातडी बोटाने बाहेर ओढायची आणि श्वास मोकळा होतो का पाहायचं. तुम्ही घरी केलीही असेल. पण या चाचणीवर फार विसंबू नका, कारण गाल ओढला की धडधाकट नाकालाही मोकळं वाटतं. त्यापेक्षा मी एक बारीक बोथट सळई नाकपुडीत घालून भिंत आतून फक्त मिलिमीटरभर बाहेर धरते, आधी वरच्या फटीपाशी, मग खाली नाकपुडीच्या वळणापाशी, आणि प्रत्येक वेळी विचारते, ‘आता?’ ज्या जागी सळई ठेवल्यावर रुग्णाचे डोळे एकदम मोठे होतात, तिथे आधाराचा तुकडा बसणार असतो. दुर्बिणीने पडदा अजून वाकडा आहे का, त्याला भोक पडलंय का, आतल्या बाजूचे मांसल टर्बिनेट फुगलेत का, हेही पाहावं लागतं. सगळेच अडथळे सर्जरीने झालेले नसतात. अ‍ॅलर्जीने टर्बिनेट सुजले असतील तर नाकातल्या फवाऱ्याने महिन्याभरात फरक पडतो. ‘टर्बिनेट काढूनच टाकू’ असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. ते हवा गरम आणि ओली करतात. प्रमाणाबाहेर काढले की नाक आतून सताड उघडं असूनही माणसाला श्वास कोंडल्यासारखा वाटत राहतो, आणि त्यावर समाधानकारक उपाय मिळणं अवघड जातं.

त्रास मोजायची एक सोपी प्रश्नावली आहे, २००४ साली प्रसिद्ध झालेली. नाक चोंदणं, बंद होणं, श्वास घेताना अडचण, झोप आणि श्रमाच्या वेळी हवा पुरणं, असे पाच प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला ५ ने गुणायचं म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. आज आणि पुढे दर तीन महिन्यांनी भरून ठेवा. आकडा उतरत असेल तर नाक स्वतःच सुधारतंय. तसाच राहिला किंवा चढला, तर वर्षानंतर शस्त्रक्रियेचं कारण तुमच्याकडे लेखी असेल.

आता तुकडा कुठून आणायचा. पहिली पसंती पडद्यातल्या कूर्चेला, कारण ती सरळ असते, जवळच असते आणि वेगळी जखम करावी लागत नाही. पण पडद्याला वरच्या आणि पुढच्या कडेने सुमारे १० मिलिमीटर रुंदीची, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची चौकट ठेवावीच लागते. तीच नाकाचा कणा असते. पहिल्या वेळी मधला भाग वापरून झाला असेल, तर तिथे हात घालता येत नाही. कुणी ती चौकटच कापलेली असली तर नाक मध्ये बसतं, आणि मग गोष्ट नाकपुडीच्या दुरुस्तीपुरती राहत नाही.

दुसरी जागा कान. कानाच्या वाटीतून तुकडा घेतला तर मागे बारीक व्रण राहतो, कानाचा आकार जवळपास तसाच राहतो. ही कूर्चा वळणदार आणि ठिसूळ असते. नाकपुडीच्या भिंतीला आधार द्यायला ते वळण उपयोगी पडतं. दांड्याला सरळ खांब हवा असेल तर ती कामाची नाही.

तिसरी जागा बरगडी. ऐकूनच लोक दचकतात. बरगडीचं हाड नव्हे, पुढच्या टोकाची कूर्चा घेतात, बहुधा सहाव्या किंवा सातव्या बरगडीची, काही सेंटिमीटरच्या छेदातून. स्त्रियांमध्ये तो छेद स्तनाखालच्या घडीत लपतो. तुकडा निघाल्यावर आम्ही ती जखम सलाइनने भरतो आणि भूलतज्ज्ञांना फुप्फुसं फुगवायला सांगतो. सगळे त्या पाण्याकडे बघत थांबतात. बुडबुडा आला नाही म्हणजे छातीचं आवरण शाबूत आहे. मग टाके. पुढचे आठ-दहा दिवस खोकताना, हसताना छातीत नाकापेक्षा जास्त दुखतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वय वाढलं की ही कूर्चा आतून हाडासारखी कडक होत जाते, तेव्हा चाळिशीनंतर सीटी स्कॅन करून अंदाज घेतात.

बरगडीच्या कूर्चेची खोड म्हणजे ती वाकते. तिच्या बाहेरच्या थरांत ताण असतो. एका बाजूने जास्त कोरली की तुकडा दुसऱ्या बाजूला वळतो. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ मध्ये हे मांडलं, आणि गाभ्यातून, दोन्ही बाजूंनी सारखं कोरलं तर ताण तोलला जातो हेही दाखवलं. आजही आम्ही तेच करतो. कोरलेली पट्टी सलाइनच्या वाटीत टाकून अर्धा तास बाजूला ठेवते, तोवर नाकातलं बाकीचं काम उरकते. वाटीत वाकली तर वाईट वाटत नाही. नाकात वाकण्यापेक्षा तिथे वाकलेली चांगली.

दांड्यावर नुसता खळगा भरायचा असेल तर कूर्चेचे अगदी बारीक तुकडे करून, कानाच्या वरच्या स्नायूवरच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून बसवतात. पातळ कातडीच्या नाकात याचा मोठा फायदा होतो, कारण सलग पट्टीची कड अशा कातडीतून वर्षभरात दिसायला लागते. सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. एकदा व्रण झालेल्या, ताणलेल्या कातडीखाली परका पदार्थ ठेवायला मी तयार नसते. तो वर्षांनंतरही जंतुसंसर्गाने किंवा नुसत्या दाबाने बाहेर येऊ शकतो, आणि निघताना कातडी घेऊन जातो. काही सर्जन तो वापरतात आणि चांगले निकालही मिळवतात, पण पहिल्या वेळच्या, जाड कातडीच्या नाकात.

तुमच्या नाकात काय लागेल? फोटो न पाहता, तपासल्याशिवाय सांगणं हा अंदाजच. वर्षभरानंतरही भिंत आत राहिली तर बाजूच्या कूर्चा आणि पडदा यांच्यामध्ये पातळ पट्ट्या बसवून फट रुंद करणं (शीन या सर्जननी १९८४ मध्ये मांडलेली रीत, अजूनही रोजच्या वापरातली), आणि उजव्या भिंतीला आधाराचा एक तुकडा. फुगवटा टणक निघाला तर त्याच वेळी उंच राहिलेली कूर्चा थोडी उतरवणं. पट्ट्या बसवल्या की दांडा समोरून किंचित रुंद दिसतो. ‘समोरून बारीक’ ही जी गोष्ट तुम्हाला आवडली आहे, तिच्यात थोडी तडजोड होईल. हे शस्त्रक्रियेच्या आधी मान्य नसेल तर नंतर अजिबात होत नाही.

सगळ्याच दुरुस्त्या एवढ्या मोठ्या नसतात, हेही खरं. हाडाची एखादी कड बोटाला लागते, नाकपुडीची कड एका बाजूला मिलिमीटरभर वर आहे, अशा गोष्टी स्थानिक भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात होतात. पण पूर्ण नाक उघडून, दुसरीकडची कूर्चा वापरून करायची दुरुस्ती तीन ते पाच तास चालते, पूर्ण भूल लागते. आठवडाभर वर साचा, तेवढ्यातच टाके काढणं, दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, महिना-दीड महिना चष्म्याचा भार दांड्यावर नको, धावणं-वजनं बंद. सूज पहिल्या वेळेपेक्षा जास्त दिवस राहते. शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत तंबाखू कुठल्याही रूपात नको, ई-सिगारेट आणि निकोटिनचं च्युइंगगमही नको. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि एकदा उघडलेल्या नाकाच्या कातडीला ते परवडत नाही. जो रुग्ण हे पाळणार नाही असं मला वाटतं, त्याची तारीख मी देत नाही.

फिलरवर थोडं सविस्तर बोलते, कारण ‘इंजेक्शनच तर आहे’ म्हणून लोक सहज तयार होतात. नाकाच्या दांड्यावरची धमनी डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेली असते. फिलरचा थेंब तिच्या आत गेला आणि मागे ढकलला गेला तर दृष्टी जाऊ शकते; शेंड्याकडच्या वाहिनीत अडकला तर कातडी काळी पडून मरते. न छेडलेल्या नाकातही हे धोके आहेत. ऑपरेशन झालेल्या नाकात वाहिन्या जागेवरून सरकलेल्या असतात, व्रणाने जखडलेल्या असतात, त्यामुळे सुई आली तरी बाजूला होत नाहीत, आणि पर्यायी वाहिन्या कमी उरलेल्या असतात. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा फिलर हायलुरॉनिडेज या औषधाने विरघळवता येतो, पण डोळ्याच्या बाबतीत हाताशी मिनिटं असतात. पूर्ण बऱ्या झालेल्या नाकातली एखादी बारीक खोच अनुभवी हाताने, विरघळवायचं औषध शेजारी ठेवून भरणं ही वेगळी गोष्ट. सातव्या महिन्यात, अजून सूज असलेल्या नाकात, शस्त्रक्रियेच्या आधी ‘तोवर’ म्हणून भरणं मला पटत नाही. शिवाय भरलेल्या नाकाचा खरा आकार पुढच्या सर्जनला कळत नाही.

फोटोंबद्दल एक गोष्ट. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक खऱ्यापेक्षा मोठं येतं. १२ इंचांवरून काढलेल्या चित्रात नाकाचा तळ ५ फुटांवरच्या चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो, असं २०१८ मधल्या एका अभ्यासात मांडलं गेलं आहे. तेव्हा सेल्फीवरून नाक तपासणं सोडा. दुसऱ्या कुणाला तरी पाच फुटांवरून, मग झूम करून, खिडकीकडे तोंड करून फोटो काढायला सांगा: समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके, आणि मान वर करून खालून. महिन्यातून एकदा पुरे. रोज काढलेले फोटो काहीच सांगत नाहीत, फक्त झोप घालवतात.

आणि झोप जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं. आरशासमोर रोज तासन्‌तास जात असतील, इतरांना न दिसणारा दोष तुम्हाला ठळक दिसत असेल, त्यापायी बाहेर जाणं टाळत असाल, तर त्याला शरीरप्रतिमेचा विकार म्हणतात. सर्वसाधारण लोकांमध्ये तो सुमारे दोन टक्क्यांच्या आसपास आढळतो, नाकाची शस्त्रक्रिया मागणाऱ्यांमध्ये त्याहून बराच जास्त. त्यावर मानसोपचार आणि औषधं दोन्ही लागू पडतात. शस्त्रक्रिया पडत नाही, एक दोष गेला की दुसरा दिसू लागतो. तुमच्या प्रश्नावरून मला तसं वाटलं नाही. तुमचं वर्णन नेमकं आहे, त्रास मोजण्यासारखा आहे. तरी प्रत्येक दुरुस्तीच्या रुग्णाला मी हे विचारते, आणि कुणी रागावलं तरी विचारणं सोडत नाही.

मूळ सर्जनकडे परत जावं का? पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दुसरी लागण्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के सांगितलं जातं. चांगल्या हातांनाही ते चुकत नाही. त्यामुळे दुसरी लागली म्हणजे पहिला सर्जन अडाणी, असं समीकरण मांडू नका. तुमचे सर्जन थांबा म्हणतात, बोलावून पाहतात, दोष दिसतोय हे मान्य करतात, तर त्यांच्याकडेच राहण्यात फायदा आहे: आत काय केलं हे त्यांना ठाऊक आहे. ‘सगळं उत्तम आहे, तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून दार लावत असतील, तर दुसरीकडे जा. पण ज्याच्या कामात दुरुस्तीच्या शस्त्रक्रियांचा मोठा वाटा आहे, अशाकडेच जा. त्याला विचारा की बरगडी किंवा कानाची कूर्चा तो स्वतः घेतो का. तुमच्यासारख्या नाकाचे शस्त्रक्रियेनंतर वर्ष झालेले फोटो दाखवू शकतो का, कारण सहा आठवड्यांचे फोटो सगळ्यांचेच छान असतात. आणि श्वास व आकार यांपैकी एकच सुधारता येणार असेल तर तो काय निवडेल. संगणकावर नवं नाक दाखवलं तर ते बोलण्यापुरतं समजा. पडद्यावरच्या चित्राला व्रण नसतो.

तर पुढचे पाच महिने तुमचं काम एवढंच. मूळ सर्जनकडून ऑपरेशन नोट मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड नव्हे. त्यावर नुसतं शस्त्रक्रियेचं नाव असतं. पडद्यातून कूर्चा काढली का, किती काढली, कुठे वापरली, हाडं कुठे कापली, टाके कसले घातले, हे त्या नोटमध्ये असतं. शस्त्रक्रियेआधीचे फोटो मागा. त्याच भेटीत फुगवट्यासाठी स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल विचारा आणि उजव्या बाजूची दुर्बिणीने तपासणी करून घ्या. रात्री तेवढी बाजू मोकळी राहावी म्हणून नाकाबाहेरून लावायच्या लवचीक पट्ट्या मिळतात, त्या आठवडाभर वापरून पाहा. त्यांनी श्वास स्पष्ट सुधारला, तर भिंतीचाच प्रश्न आहे याला आणखी एक पुरावा मिळाला, आणि तो नोंदवून पुढच्या भेटीला सोबत न्या.